कोडे सुटले, पण काम येते का?

गूगल ही अमेरिकेतली मोठी कंपनी. नोकरी मागायला येणाऱ्यांना तिथे पूर्वी कोडी घालीत. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील? सांगा पाहू!

२०१३ साली कंपनीचे नोकरभरतीचे प्रमुख लास्लो बॉक यांनी उघड सांगितले, की यात वेळ फुकट जातो. माणूस पुढे काम कसे करील, ते कोड्यावरून कळत नाही. विचारणाऱ्याला मात्र आपणच शहाणे वाटते!

मग पारख कशी करावी? कामाचा नमुना पाहावा. सुताराच्या हाती रंधा द्यावा. कारकुनाला जमाखर्च मांडायला लावावा. प्रश्न विचारायचे, तर सगळ्यांना सारखेच विचारावेत. म्हणजे कोणावर अन्याय होत नाही.

कोडी ओट्यावर बसून घालावीत. त्यांच्यापायी कामाचा माणूस परत जाऊ नये.