किती पाय? आधी मोजू, मग नाव सांगू!



पावसाळा सुरू झाला की शाळेच्या भिंतीवर, व्हरांड्यात, कुंडीखाली रोज नवे पाहुणे दिसतात. मग मधल्या सुट्टीत आरोळी येते, "बाई, किडा!" आणि पाठोपाठ चपलेचा फटका. ती आरोळी आणि तो फटका यांच्यामध्ये मुलाने क्षणभर थांबून नीट बघावं, एवढंच या पाठातून साधायचं आहे.

आधी माझी चूक सांगते. दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर कीटकांची नावे लिहिली होती : मुंगी, झुरळ, फुलपाखरू, कोळी. खिडकीतल्या जाळ्याकडे बघत एक मुलगी म्हणाली, "बाई, कीटकाला सहा पाय ना? मग याला आठ कसे?" जवळ जाऊन मोजले. आठच! सगळ्यांसमोर कोळ्याचं नाव पुसलं. तेव्हापासून हा पाठ मी फळ्यावरून नाही, खिडकीपासून सुरू करते.

कीटक कसा ओळखायचा?

मुलांना तीन खुणा पुरेशा आहेत. पूर्ण वाढलेल्या कीटकाला सहा पाय असतात. शरीराचे तीन भाग असतात : डोके, छाती आणि पोट. डोक्यावर दोन मिशा असतात. बऱ्याच कीटकांना पंख असतात, पण सगळ्यांना नाही. आपल्याला रोज दिसणाऱ्या कामकरी मुंगीलाच बघा ना!

आता मुलांना परिसरातले जीव पायांवरून वेगळे करू द्या.

- सहा पाय : मुंगी, मधमाशी, नाकतोडा, झुरळ
- आठ पाय : कोळी, विंचू, मृगाचा लाल मखमली किडा
- भरपूर पाय : वाणी (पैसा), गोम
- पाय नाहीत : गांडूळ, गोगलगाय (ही पोटाखालच्या स्नायूवर सरकते)

म्हणजे मृगाचा किडा नावाने किडा असला तरी कीटक नाही. हे कळल्यावर मुलांना फार गंमत वाटते.

कृती

मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला भिंग, वही आणि पेन्सिल द्या. दहा मिनिटे फक्त बघायचं. पकडायचं नाही. पाय किती, चालतो कसा, कुठे सापडला, हे चित्रासह नोंदवायचं. नाव माहीत नसलं तरी चालेल. दगड किंवा कुंडी शिक्षकांनीच उचलावी आणि नंतर जशीच्या तशी ठेवावी. ते कुणाचं तरी घर आहे.

एक प्रश्न हमखास येईल, "सुरवंटाला तर खूप पाय आहेत!" शाबासकी द्या. सुरवंटाचे खरे पाय पुढचे सहाच. मागचे मांसल पाय फांदीला धरून राहण्यापुरते असतात. फुलपाखरू झाल्यावर ते राहत नाहीत.

काळजी घ्या

केसाळ सुरवंटाला हात लावू नये, अंगाला खाज सुटते. गोम चावते. विंचू आणि गांधीलमाशी यांच्यापासून लांबच राहायचं. मधमाशीच्या दंशाची अॅलर्जी असलेलं मूल वर्गात आहे का, हे पालकांना आधीच विचारा. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

पालकांसाठी

घरी कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर पानं नीट बघा. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका हळूच हलला, तर तो लिंबाच्या फुलपाखराचा सुरवंट असू शकतो. औषध फवारू नका. चार पानं त्याला खाऊ द्या. मोठा होऊन तो हिरवा होईल, मग कोष करेल. सगळं सुरळीत झालं तर काही आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येईल. रोज एक ओळ मुलाने लिहावी, बस्स!

मूल विचारेल, "पण यांचा उपयोग काय?" तर भोपळ्याचा वेल दाखवा. त्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशीसारख्या कीटकाने पराग नेले नाहीत तर भोपळा धरतच नाही.

आणि हो, मुलांसमोर "ई ऽऽ" म्हणून आपणच ओरडलो, तर हा सगळा पाठ वाया जाईल. भीती वाटत असेल तर दोन पावलं मागे उभे राहा, पण म्हणा, "बघू बरं, किती पाय आहेत?"