ख्रिस्ती मंडळी, पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात कामगारवस्तीच्या आश्रयाने वाढलेले मराठी ख्रिस्ती उपासकांचे लहान लहान समुदाय. ‘मंडळी’ ही संज्ञा मराठी बायबलमध्ये मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दासाठी योजलेली असून ती इमारतीची नव्हे, तर एकत्र जमणाऱ्या माणसांची वाचक आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांत ती रूढ आहे. रोमन कॅथलिक पंथीय त्याच अर्थी ‘धर्मग्राम’ हा शब्द वापरतात. या पट्ट्यातील अनेक मंडळ्यांचा प्रारंभ एखाद्या कामगाराच्या भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या प्रार्थनासभेतून झालेला असल्याने संज्ञेचा हा मूळ अर्थ तेथे विशेष अन्वर्थक ठरतो. गाव आणि भावकी मागे टाकून आलेल्या कुटुंबांना मंडळीने दुसरे गाव मिळवून दिले, हे या समुदायांचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : या मंडळ्यांतील मराठी कुटुंबांची मुळे मुख्यतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात व मराठवाड्यात आढळतात. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ मध्ये अहमदनगर हे त्याचे केंद्र बनले. ज्ञानोदय हे नियतकालिक तेथूनच १८४२ मध्ये निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच जिल्ह्यात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी कॅथलिक धर्मग्रामे वसविली. धर्मांतर करणाऱ्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. शाळा, वसतिगृह आणि दुष्काळातील मदतकार्य यांच्याद्वारे त्यांच्या एका पिढीस अक्षरओळख झाली. तथापि बहुतेकांना जमीन नव्हती. शेतमजुरीवर जगणाऱ्या या कुटुंबांना १९७२ च्या दुष्काळाचा फटका बसला, तेव्हा शहराकडे जाणाऱ्यांच्या लोंढ्यात तीही होती.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ नंतर पिंपरी, चिंचवड व भोसरी येथील जमिनी कारखान्यांसाठी विकसित केल्या. पाठोपाठ मोटार, स्कूटर व यंत्रभाग यांचे कारखाने उभे राहिले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. कारखान्यातील फिटर, टर्नर, मदतनीस, तसेच रुग्णालयातील परिचारिका व शाळांतील शिक्षिका अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने ख्रिस्ती कुटुंबे येथे स्थिरावली. खडकी व देहूरोड या लष्करी छावण्यांत चर्च होती. परंतु त्यांचा वारसा मुख्यतः इंग्रजी भाषेचा व सैनिकी वसाहतीचा होता. कामगारवस्तीला आपल्या भाषेत व पायी जाण्याच्या अंतरावर उपासना हवी होती. या गरजेतून घरगुती सभा, पुढे शाळेची खोली व कालांतराने स्वतःची वास्तू अशा टप्प्यांनी मंडळ्या आकारास आल्या.

रचना : नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट इ. परंपरांच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या तीत सामील झाल्या. मेथडिस्ट, पेन्टेकोस्टल व स्वतंत्र मंडळ्याही या पट्ट्यात आहेत. कॅथलिक धर्मग्रामे १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताच्या अखत्यारीत येतात. पिंपरीचे ‘अवर लेडी कन्सोलर ऑफ द अफ्लिक्टेड’ (दुःखितांचे सांत्वन करणारी माता) हे चर्च आणि देहूरोड येथील संत यूदाचे तीर्थमंदिर ही त्यांपैकी परिचित स्थाने होत.

प्रॉटेस्टंट मंडळीत पाळक हा उपासनेचा प्रमुख असतो. सभासदांनी निवडलेली समिती हिशेब, दुरुस्ती व मदतनिधी पाहते. कारखान्यात हाताखाली काम करणारा माणूस येथे खजिनदार किंवा चिटणीस होतो. सभेचे इतिवृत्त लिहिणे, जमाखर्च वाचून दाखविणे, मतभेद मिटविणे या गोष्टी तो मंडळीतच शिकतो. महिला मंडळ, तरुण संघ व रविवारची बालशाळा ही मंडळीची नेहमीची अंगे होत. आजाऱ्यांच्या भेटी व अडलेल्या कुटुंबास मदत यांचा भार प्रायः स्त्रियांवर असतो.

दैनंदिन व साप्ताहिक जीवन : संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना हा पारंपरिक ख्रिस्ती घराचा नेम होय. बायबलमधील एक उतारा, एक गीत व प्रार्थना एवढेच तिचे स्वरूप असते. कॅथलिक घरांत जपमाळ म्हटली जाते. कारखान्यातील पाळ्यांमुळे सर्व कुटुंब एकाच वेळी घरी असणे अवघड होते आणि प्रार्थनेची वेळ पाळीप्रमाणे बदलते.

रविवारचा प्रश्न याहून कठीण आहे. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत पडली. तदनुसार भोसरी-पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात व रविवारी चालू राहतात. ज्याची उपासना रविवारी, त्याची सुटी मात्र गुरुवारी, अशी ही विसंगती आहे. मंडळ्यांनी ती आपल्या परीने सोडविली. काही ठिकाणी रविवारी भल्या सकाळी किंवा सायंकाळी वेगळी उपासना ठेवली जाते. घरोघरच्या प्रार्थनासभा, गायनाचा सराव व समितीच्या बैठका गुरुवारी होतात. परिणामी येथील मंडळीचा आठवडा रविवार व गुरुवार अशा दोन खांबांवर उभा राहिलेला दिसतो.

उपासनेतील गायन हा या समुदायाचा सर्वांत मोलाचा ठेवा होय. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा निर्माण केली, तर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी व भजन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक म्हणत. देहू व आळंदी ही वारकरी क्षेत्रे याच औद्योगिक पट्ट्याला लागून आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. उपासनासंगीत हा मराठी गीतसंग्रह प्रॉटेस्टंट घरांत बायबलच्या शेजारी असतो. पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने ही गीते म्हटली जातात. अलीकडे त्यांच्या जोडीला गिटार व विद्युत् कळफलक आले आहेत. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा होऊ लागली व मराठी गायनास तेथेही वाव मिळाला.

सण व उत्सव : मंडळीच्या वर्षाचा आरंभ नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने होतो. डिसेंबरात गायकांचा जथा पेटी व ढोलकी घेऊन रात्री सभासदांच्या घरी जातो. प्रत्येक घरी गीत, प्रार्थना व चहा-फराळ होतो. पाळी संपवून उशिरा परतणाऱ्यासाठी फेरी मध्यरात्रीपर्यंत लांबते. मेक्सिकोतील लहान ख्रिस्ती वस्त्यांत १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘पोसादा’ नावाचा विधी होतो. त्यात योसेफ व मरिया यांच्या वतीने दारोदार गीतातून आसरा मागितला जातो व अखेरच्या दारी तो मिळतो. दोन्ही प्रथांचा उगम निराळा असला, तरी दार उघडणे हाच दोहोंचा गाभा आहे. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या कामगारांच्या वस्तीत या फेरीला असणारे महत्त्व त्यावरून कळते.

नाताळाला घरावर चांदणीचा आकाशकंदील लावतात व गव्हाणीचा देखावा मांडतात. करंज्या, शंकरपाळे, चिवडा व लाडू हा फराळ केकच्या बरोबरीने केला जातो. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची परतफेड नाताळाच्या ताटाने होते. वर्षाच्या शेवटच्या रात्री जागरणाची उपासना असते.

उपवासकाळानंतर झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) येतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात ख्रिस्ताच्या क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. पुष्कळ मंडळ्यांत ती निरनिराळ्या सभासदांकडे सोपविली जातात आणि एरवी यंत्रावर काम करणारा कामगार त्या दिवशी वक्ता होतो. हा दिवस सार्वजनिक सुटीचा असला, तरी प्रत्येक कारखान्याच्या सणसुट्यांत तो असतोच असे नाही. अशा वेळी हक्काची रजा खर्ची पडते. ईस्टरला पहाटे भजने गात फेरी काढतात व आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात.

हंगामाच्या उपकारस्तुतीचा सण मूळचा शेतकऱ्यांचा. शेत नसलेल्या शहरी सभासदांनी त्याचा आशय पालटला. तांदूळ, भाजी, नारळ, कोंबडा, घरी केलेले पदार्थ यांबरोबरच पहिला पगार किंवा बोनसचा भाग ‘प्रथमफळ’ म्हणून अर्पण केला जातो. नंतर वस्तूंचा लिलाव होतो. एखादा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट किंमतीस जातो व ती रक्कम इमारतनिधीस मिळते. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेस अनेक कॅथलिक कुटुंबे जातात. ही यात्रा म्हणजे त्यांची गावाकडील नातलगांची वार्षिक भेटही असते.

संस्कार : बाप्तिस्मा, दृढीकरण व विवाह हे विधी मंडळीसमोर होतात. विवाहापूर्वी उपासनेत त्याची जाहीर घोषणा केली जाते. हळद व मांडव या प्रथा टिकून आहेत. वधू बहुधा पांढरी साडी किंवा झगा नेसते. मृत्यू झाल्यास शवपेटी, खड्डा व प्रार्थना यांची व्यवस्था मंडळी पाहते. गावापासून दूर असलेल्या कुटुंबास मंडळीची खरी किंमत याच वेळी कळते.

प्रश्न : वाढत्या वस्तीच्या मानाने दफनभूमीची जागा अपुरी पडते व जुन्या कबरींच्या जागी पुन्हा दफन करणे भाग पडते. दुसरा प्रश्न सामाजिक दर्जाचा आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये तो लाभला, दलित ख्रिस्ती मात्र वगळलेले राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तिसरा प्रश्न भाषेचा. इंग्रजी शाळांत शिकलेल्या तरुणांना अभंगाची भाषा परकी वाटू लागली आहे. १९९० नंतर चाकण येथे वाहनउद्योग वाढला व देशाच्या अनेक भागांतून कामगार आले. त्यामुळे हिंदी, तमिळ, तेलुगू व मलयाळम् भाषांतील उपासनाही या पट्ट्यात होऊ लागल्या.

कोव्हिड साथीच्या टाळेबंदीत १२ एप्रिल २०२० रोजीचा ईस्टर बंद चर्चच्या बाहेर, घराघरांतून पाळला गेला. भ्रमणध्वनीवरून एकत्र आलेल्या या उपासनेने मंडळीचे प्रारंभीचे घरगुती रूप काही काळ पुन्हा प्रत्ययास आणून दिले. चाकणच्या नव्या वसाहतींत भाड्याच्या खोल्यांतून भरणाऱ्या प्रार्थनासभा पाहता, पिंपरीत १९६० व १९७० च्या दशकांत घडलेली प्रक्रिया तेथे नव्याने घडत आहे, असे दिसते.