भूल दिली, पण शरीर भुललं नाही!

माहीत आहे का? पालम, गंगाखेड, अख्खा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळात म्हणजे १८८९ मध्ये सहाव्या निजामाने क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाच्या तपासणीसाठी चक्क १,००० पौंड मोजले! हैदराबादेत शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष ठाम: श्वासावर नजर ठेवा, हृदयाची चिंता नको.

ट्विस्ट! १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मची हलकी भूल आणि जोडीला अॅड्रिनलिन, एवढ्यानेच हृदय फडफडून बंद पडतं. निजामाचे पौंड वाया गेले म्हणा ना!

पण अॅड्रिनलिन येतं कुठून? आपल्याच शरीरातून. पेशंट गाढ झोपलेला, तरी सुरी लागल्याचा निरोप मज्जातंतू पोहोचवतातच. मग बीपी वर, कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोनही वर. डायबिटीस नसलेल्याचीही शुगर चढते! मोठ्या ऑपरेशनमध्ये चार-सहा तासांत कॉर्टिसॉल जवळपास चौपट होऊ शकतं.

उपाय? कमरेतलं इंजेक्शन. एपिड्युरल हा निरोप वाटेतच अडवतं. पायाच्या रोहिणीच्या बायपासला फर्स्ट क्लास. पोटातल्या महारोहिणीला हात घातला, की मात्र अर्धाच बंदोबस्त.

आणि एटोमिडेट? हे भुलीचं औषध तर कॉर्टिसॉलचा कारखानाच काही तास बंद पाडतं. छान? छे! आयसीयूत त्याची सलग ड्रिप लावली तेव्हा मृत्यू वाढलेले दिसले. तेव्हा स्ट्रेस अगदी शून्यावर आणणंही बरं नव्हे.

आता जरा गंभीर. माहीत आहे का, नवजात बाळांना दुखत नाही असं एकेकाळी डॉक्टरही मानत? इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये हे खोडून काढलं. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायची होती, अशी अवघी १६ अपुऱ्या दिवसांची बाळं. सगळ्यांना तेव्हाची नेहमीची हलकी भूल. आठ जणांना जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांचे स्ट्रेस हार्मोन्स उसळले, ऑपरेशननंतरची गुंतागुंतही जास्त. १९८७ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि बाळांना भूल देण्याची जगभरातली रीत बदलत गेली. सोळा बाळं, बस्स!

आता पुन्हा मोठ्यांकडे. मानेतली तुंबलेली रोहिणी साफ करायची तर पूर्ण भूल, की मानेपुरती? ‘गाला’ चाचणीने २४ देशांतल्या ३,५२६ पेशंटवर २००७ पर्यंत मोजून पाहिलं. स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा मृत्यू: पूर्ण भुलीत ४.८ टक्के, मानेपुरत्या भुलीत ४.५. मॅच ड्रॉ!

मानेपुरत्या भुलीत जागं राहण्याची एक गंमत मात्र आहेच. काही ठिकाणी पेशंटच्या हातात चक्क पिपाणीसारखं वाजणारं रबरी खेळणं देतात. सर्जन रोहिणीला चिमटा लावतात, पेशंटने ते दाबत राहायचं. आवाज थांबला की मेंदूला रक्त कमी पडतंय, लगेच बायपासची नळी टाका!