आधी केसपेपर मागा

‘बाळ लवकर रडलं नाही, मग काचेत ठेवलं.’ बीड जिल्ह्यात मान न धरणाऱ्या, उशिरा बसणाऱ्या लेकराची कहाणी बहुतेकदा या एका वाक्यात सुरू होते आणि तिथंच संपते. पुढचं सारं नशिबावर. दुसरीकडं काहींची ठाम समजूत असते, की बाळाला इजा झाली म्हणजे डॉक्टर चुकलाच. दोन्ही समजुतींत नुकसान होतं ते त्या लेकराचंच.

जन्मताना झालेली प्रत्येक इजा हलगर्जीपणातून होत नाही. खांदा अडकला तर मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. यातली बरीच बाळं काही महिन्यांत सुधारतात. सेरेब्रल पाल्सीचं कारणही बहुतेक मुलांत बाळंतपणाच्या आधीचं असतं. फाटका ओठ तर गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच घडतो. त्याचा ग्रहणाशीही संबंध नाही आणि सुईणीशीही नाही. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. कळा लांबल्या तेव्हा बाळाचे ठोके कोणी, कितीदा मोजले? ते मंदावल्यावर सिझर करायला किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायला किती वेळ गेला? साधारण कौशल्याच्या डॉक्टरनं अशा वेळी जे केलं असतं, ते इथं झालं का?

या प्रश्नांची उत्तरं केसपेपरमध्ये असतात. आणि नेमका तोच मागायला माणसं कचरतात, कारण ‘ते कागद दवाखान्याचे, आपल्याला कसे देतील?’ द्यावेच लागतात. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नोंदी जपून ठेवण्याचं बंधन मात्र तीनच वर्षांचं. म्हणून अर्ज लेखी करा, त्याची पोच घ्या. सरकारी दवाखान्यात माहितीच्या अधिकाराचीही वाट आहे. सिझरआधी सही दिली म्हणून हक्क गेला, हेही खरं नाही. सही शस्त्रक्रियेला असते, निष्काळजीपणाला नव्हे.

‘सरकारी दवाखाना फुकटचा, तिथं दाद कसली मागायची?’ हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे. त्याला उत्तर आपल्या मराठवाड्यातूनच मिळालं. जुलै १९६३मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापड राहून गेलं. त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्यानं दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला. अखेर १९९६मध्ये ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली, हे क्लेशकारक आहे. पण सरकारी डॉक्टरच्या चुकीची भरपाई सरकारनं द्यायची, हे त्या निकालानं पक्कं केलं. दुसरा निकालही सरकारी दवाखान्याचाच. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६मध्ये कमी दिवसांची एक मुलगी जन्मली. डोळ्यांचा पडदा तपासायला कोणी सांगितलं नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जवळपास १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले. (काचेत ठेवलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे पहिल्या तीस दिवसांत तपासून घ्या. हे कोणी सांगायची वाट पाहू नका.)

पूर्ण मोफत सरकारी दवाखान्याविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयाचं खंडपीठ ही वाट. पैसे घेणाऱ्या खासगी दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पोलीस ठाण्यातून भरपाई मिळत नाही आणि डॉक्टरवर गुन्हा चालवायला घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, असं २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानं ठरवलंय. दवाखान्याची तोडफोड केली, तर २०१०च्या राज्य कायद्यानं तुमच्यावरच अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो.

‘वकिलाला पैसे कुठून आणायचे?’ विधी सेवा कायद्यानं स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बीडच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. आणि लेकराचे व्यायाम, दिव्यांग प्रमाणपत्र, निरामय विमा यांसाठी कोणाचीही चूक सिद्ध व्हावी लागत नाही. निकालासाठी ते थांबवू नका.

राहिली मुदत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ऊसतोड कुटुंबाच्या हिशेबात ते फक्त दोन हंगाम. पहिला बाळाच्या दवापाण्यात जातो, दुसरा उचल फेडण्यात. ऊसतोडीवर असताना बाळंतपण सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात झालं, म्हणून तिकडंच खेपा घालाव्या लागतील, असंही अनेकांना वाटतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते. म्हणजे ती बीडमध्ये दाखल होते. यंदा कोयता घेऊन गाडीत बसण्याआधी केसपेपरचा अर्ज तेवढा देऊन जा.