जुनी स्ट्रॅट, नवे हात: आधी मोजा, मग कापा

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. प्रश्न साधारण असा: "घरात साठच्या दशकातली स्ट्रॅटोकास्टर आहे. दिसायला झकास, पण वाजवायला जड. बेंड केला की सूर मध्येच मरतो. फ्रेट बदलून टाकू का?"

उत्तर एका ओळीत सांगतो: कदाचित हो, पण ते सगळ्यात शेवटी. आधी जे स्क्रू फिरवून होतं ते करायचं, मग जे झिजतं ते बदलायचं, आणि लाकूड कापायचं तर अगदीच नाइलाज झाल्यावर. हा क्रम उलटा झाला तर गिटारची किंमतही जाते आणि मूळ लाकूडही. ते परत आणता येत नाही.

बेंड केल्यावर सूर का मरतो?

स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली १९५४ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातून. तेव्हा फ्रेटबोर्ड बऱ्यापैकी गोलसर ठेवला जायचा. हा बाक मोजतात त्रिज्येत. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर. आजच्या बऱ्याच फेंडर ९.५ इंचाच्या असतात, तर गिब्सन लेस पॉल १२ इंचाची, म्हणजे ३०५ मिलिमीटर. आकडा जितका मोठा, तितका बोर्ड सपाट.

आता गंमत बघा. वरच्या फ्रेटकडे सगळ्यात पातळ ई तार बोर्डच्या मध्यापासून साधारण २२ मिलिमीटर लांब असते. ७.२५ इंचाच्या बोर्डवर त्या जागेपेक्षा मधला भाग सुमारे १.३ मिलिमीटर उंच असतो. १२ इंचाच्या बोर्डवर हाच फरक ०.८ भरतो. बेंड करताना तुम्ही तार मध्याकडे ढकलता, म्हणजे अक्षरशः टेकडी चढवता. तारेचं ब्रिजकडचं टोक जागेवरच असतं. मग मधल्या वाटेत तार पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर गप्प होतो.

पण म्हणून ही रचना चुकीची नाही बरं का. गोलसर बोर्डवर कॉर्ड धरायला हात सुखावतो. त्रास होतो तो तार खूप खाली ठेवून मोठे बेंड घेताना.

पायरी पहिली: पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर

नव्या तारा लावा, सुरात आणा आणि मोजायला बसा. सुरुवात नेकच्या बाकापासून. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या आसपास तारेखाली किती फट उरते ते बघा. ७.२५ इंचाच्या बोर्डला साधारण ०.३ मिलिमीटर पुरते, म्हणजे झेरॉक्सचे तीन कागद.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड किंचित आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. अडचण अशी की साठच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये त्याचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो. त्यामुळे तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या, पाव फेरा फिरवा, परत बसवा आणि परत मोजा. वैतागवाणं काम आहे, पण घाई केली तर स्क्रूची भोकं सैल होतात. आणि नट फिरत नसेल तर जोर लावू नका, सरळ कारीगराकडे जा. रॉड तुटला तर खर्च फार मोठा आहे.

मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्याचं भान ठेवा. दमट हवेत लाकूड फुगतं आणि नेकचा बाक बदलतो. म्हणून गिटार काही दिवस एकाच खोलीत ठेवून मगच मोजा.

नेक नीट झाली की ब्रिजवरच्या सहा सॅडलकडे वळा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड ई ला २ मिलिमीटर आणि पातळ ई ला १.६ मिलिमीटर ठेवून बघा. सॅडल पूर्ण खाली नेऊनही तार उंचच राहत असेल तर नेकच्या खाचेत, बॉडीच्या बाजूच्या टोकाला पातळ पट्टी घालता येते. काही जुन्या गिटारमध्ये ती कारखान्यातूनच आलेली असते, त्यामुळे नेक काढल्यावर सापडली तर कचरा समजून फेकू नका.

व्हॉल्यूमचा खटका फिरवताना खरखर येते? कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि खटका वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. जुनं सोल्डर उगाच काढू नका, संग्राहक तेही तपासतात. १९७७ च्या आधीच्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच यायचा. दोन पिकअप एकत्र हवे असतील तर पाच जागांचा स्विच बसवता येतो. जुना स्विच पिशवीत घालून केसमध्ये जपून ठेवा.

इथपर्यंत केलेलं सगळं उलट करता येतं. आणि बऱ्याच "जड" गिटार इथेच हलक्या होतात.

पायरी दुसरी: जे झिजतं ते

फ्रेट म्हणजे गाडीचे टायर, वापरले की झिजणारच. जुन्या फेंडरवरची फ्रेटची तार बारीक असायची, नवी असताना जेमतेम १.१ मिलिमीटर उंच. त्यात तारांचे खड्डे पडले असतील पण उंची शिल्लक असेल तर फ्रेट घासून एका पातळीत आणता येतात. चांगला कारीगर हे करताना वरच्या फ्रेटचा मधला भाग किंचित जास्त घासतो. टेकडी थोडी उतरते, बेंड मोकळा होतो आणि लाकडाला हातही लागत नाही.

उंचीच उरली नसेल तर नवे फ्रेट लागतील. इथे आपली सतार आठवा. तिचे पडदे उंच आणि कमानदार असतात म्हणूनच त्यावर तार ओढून लांब मींड घेता येते. गिटारचंही तसंच: फ्रेट उंच असला की बोट लाकडावर घासत नाही आणि तार पकडीत राहते. फरक एवढाच की सतारीचे पडदे बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट खाचेत रुतलेले असतात.

जुन्या फेंडरमध्ये तर हे फ्रेट वरून ठोकलेले नसून बाजूने सरकवून बसवलेले असायचे. ते सरळ वर उपटले तर शिसवीचे टवके निघतात. म्हणून कारीगराला पहिला प्रश्न हाच विचारा: "जुन्या फेंडरचे फ्रेट तुम्ही कसे काढता?" उत्तर देताना तो अडखळला तर गिटार उचला आणि घरी या. आणि हो, फ्रेट उंच झाले की नटही नवा लागतो. तो हाडाचा करून घ्या आणि जुना जपून ठेवा.

पायरी तिसरी: लाकूड

बोर्ड सपाट करायचा म्हणजे मधलं लाकूड घासायचं. ७.२५ वरून ९.५ इंचावर जायला मध्यावर साधारण ०.४ मिलिमीटर, १२ वर जायला ०.७. आकडा छोटा वाटतो ना? पण १९६२ च्या मध्यापासून फेंडरने शिसवीचा जाड सपाट थर सोडून पातळ, वळवलेला थर लावायला सुरुवात केली. मुळातच पातळ थरातून एवढं लाकूड घालवणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची जागाच संपवणं. माझं मत: एवढ्या जुन्या नेकला १२ इंच करूच नका. तितका सपाट बोर्ड हवा असेल तर वेगळी नेक घ्या, चार स्क्रूने बसवा आणि मूळ नेक कपाटात ठेवा.

स्टीव्ही रे व्हॉनची "नंबर वन" आठवा. साठच्या दशकातली स्ट्रॅट, त्यावर जाड तारा आणि जंबो फ्रेट. इतक्या वेळा फ्रेट बदलले गेले की शेवटी त्या नेकमध्ये नवे फ्रेट धरेनासे झाले. त्याने गिटार वाजवण्यासाठीच वापरली आणि त्यात काहीच गैर नाही. पण नेक किती वेळा फ्रेट बदलू देईल याला मर्यादा आहे, हे त्यातून दिसतं.

पिकअपसाठी बॉडी कोरणं आणि नवा रंग मारणं, हे दोन्ही टाळा. वाजवायला त्याने काडीचा फरक पडत नाही, किंमत मात्र धाडकन खाली येते.

तर या रविवारी एवढंच करा: नव्या तारा, एक कॅपो, तीन कागद आणि एक पट्टी. आकडे लिहून काढा, सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि मगच ठरवा. जुनी गिटार भिंतीवर टांगायला नसते, पण ती तुमच्यानंतरही कुणीतरी वाजवणार आहे. भेटू पुढच्या भागात!