कन्सल्टन्सीवाला नेमका कोणाचा माणूस?

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की आष्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्यातले मेसेज फिरू लागतात. ‘चाकण, रांजणगाव येथील नामांकित कंपनीत थेट भरती. बीई, डिप्लोमा, आयटीआय, कोणतीही पदवी. पगार 18 ते 22 हजार. राहण्या-जेवणाची सोय. रजिस्ट्रेशन फक्त 500.’ कंपनीचे नाव नसते, मोबाइल नंबर मात्र दोन असतात.

आष्टा सांगली-पेठ रस्त्यावरचे. अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय 1999 पासून गावातच आहे. इस्लामपूरच्या बाजूला साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट, सांगलीत 1947 चे वालचंद. या पट्ट्यातून दरवर्षी इंजिनिअरांची एक अख्खी फळी बाहेर पडते. कॅम्पसमध्ये ज्यांचे जमले त्यांचे जमले. उरलेल्यांना घरचे विचारतात, ‘एखाद्या कन्सल्टन्सीत नाव का घालत नाहीस?’ नाव घालायला हरकत काहीच नाही. पण कन्सल्टन्सी काय करते आणि काय करत नाही, याबद्दलच्या ऐकीव गोष्टी एवढ्या आहेत की मुलगा चुकीच्या दारात चुकीची अपेक्षा घेऊन उभा राहतो.

‘ते आपल्यासाठी नोकरी शोधतात’

हा सगळ्यांत मोठा गैरसमज, बाकीचे यातूनच निघतात. भरती करणारा सल्लागार तुमच्यासाठी नोकरी शोधत नाही, कंपनीसाठी माणूस शोधतो. त्याचे गिऱ्हाईक कंपनी, आणि पैसेही तीच देते. या धंद्यात रूढ असलेला एक दर आहे वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार.

हिशोब करून पाहा. 3 लाखांच्या पॅकेजवर नवा इंजिनिअर घेतला तर सल्लागाराला साधारण 25 हजार द्यावे लागतील. कंपनी ते का देईल? एका पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित मुलाखतींना, तिच्यासमोर दोन-तीनशे मुले फुकट येऊन बसतात. तोच सल्लागार 12 लाखांचा, सहा-सात वर्षे अनुभव असलेला डिझाइन इंजिनिअर मिळवून देतो तेव्हा त्याला लाखभर रुपये मिळतात आणि ते द्यायला कंपनी तयार असते, कारण तसा माणूस कॅम्पसमध्ये सापडत नाही. म्हणून फ्रेशरचा बायोडेटा घेऊन ‘कळवतो’ म्हणणारा सल्लागार महिनोन्‌महिने फोन करत नाही, यात लबाडी असतेच असे नाही. त्याच्या हातात तुमच्याजोगे कामच नसते. दोन-तीन वर्षांचा अनुभव झाला की हेच लोक स्वतःहून फोन करतील, आणि तेव्हा ते खरोखर उपयोगी पडतात.

कंपनी आणि सल्लागार यांच्या करारांत बहुधा आणखी एक अट असते. माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर सल्लागाराने बदली माणूस द्यायचा किंवा फी परत करायची. ‘नक्की जॉइन होणार ना? घरून इतक्या लांब राहू शकाल ना?’ हे प्रश्न तो उगाच विचारत नाही.

‘थोडी फी तर सगळेच घेतात’

कंपनीकडून फी घेणाऱ्या चांगल्या संस्थेला तुमच्या पाचशे रुपयांची गरज नसते. उमेदवारांकडून पैसे घेणाऱ्याचे उत्पन्न नोकरी लागण्यावर चालत नाही, नावे नोंदवण्यावर चालते. शंभर मुलांकडून पाचशे घेतले की पन्नास हजार झाले, एकालाही नोकरी लावावी लागली नाही. पुढचे टप्पेही ठरलेले असतात: रजिस्ट्रेशन, मग ‘मेडिकल’, मग ‘लॅपटॉप डिपॉझिट’, मग ‘ट्रेनिंग’. रक्कम वाढत जाते आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. उसाच्या बिलातून काढून ठेवलेले पैसे असे गेलेले या भागात नवीन नाही.

‘आयटीत बॅकडोअरने लावतो, दोन-तीन लाख द्या’ हा याच जातीचा, पण मोठ्या रकमेचा प्रकार. मोठ्या आयटी कंपन्या आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही, असे स्वतः जाहीर करतात. ‘पण आत सेटिंग असतेच’ म्हणणारे 2023 च्या टीसीएसमधल्या भरती प्रकरणाचा दाखला देतात. ते प्रकरण काय होते? मनुष्यबळ पुरवणाऱ्या काही संस्थांच्या संदर्भात कंपनीने चौकशी केली, 19 कर्मचाऱ्यांवर कारवाई केली, त्यांतल्या 16 जणांना काढले आणि सहा पुरवठादार संस्थांना दार बंद केले. त्यातून पैसे भरून फ्रेशरला पक्की नोकरी मिळते, हे कुठेही सिद्ध होत नाही.

कोणी दोन वर्षांच्या अनुभवाचे खोटे पत्र देऊ केले तर त्याचाही मोह धरू नये. पीएफचा यूएएन नंबर आला की तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत कामाला होतात हे त्यात दिसते. पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था हेच आधी पाहतात. पत्र खोटे निघाले तर नोकरी जाते आणि डाग राहतो.

‘कॉन्ट्रॅक्टवर घेतले म्हणजे फसवले’ आणि ‘सहा महिन्यांनी पर्मनंट करतात’

दोन्ही समज तितकेच चुकीचे. फ्रेशरला कन्सल्टन्सीतून जे काम खरोखर मिळते ते बहुतेकदा थर्ड पार्टी पेरोलचे, म्हणजे काम कंपनीच्या शेडमध्ये आणि पगार ठेकेदाराकडून. ही पद्धत कायदेशीर आहे. पीएफ, ईएसआय भरणे ठेकेदाराचे काम. त्याने पगार दिला नाही तर कायद्याने ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे फार थोड्या मुलांना माहीत असते. पण ‘पुढे कंपनीच्या रोलवर घेतात’ हे तोंडी आश्वासन. नेमणूकपत्रात ते लिहिलेले नसेल तर ते नाहीच असे धरून चालावे. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे नेमणूकपत्र देणे आता मालकाच्या मर्जीवर राहिलेले नाही. मागून घ्या.

पगाराचा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. ‘20 हजार’ हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, आहे की हातात येणारा? समजा महिन्याचा सीटीसी 20 हजार आहे आणि बेसिक 12 हजार. मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,440 आणि ईएसआयचे 3.25 टक्के त्या वीस हजारांतूनच जातात. उरलेल्या सुमारे 18 हजारांतून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,440, ईएसआयचे 0.75 टक्के, आणि पुरुष असाल तर 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात पडतात सोळा हजारांच्या आसपास. त्यातून खोलीचे भाडे, मेस, कंपनीच्या बसचे पैसे. पीएफ बुडत नाही, तो तुमचाच आहे. पण चाकणला खोली घेताना तो उपयोगाचा नाही.

‘जितक्या जास्त कन्सल्टन्सी तितकी संधी जास्त’

एकाच जागेसाठी दोन संस्थांनी तुमचा बायोडेटा पाठवला की फी कोणाची यावर वाद होतो, आणि काही कंपन्या वाद नको म्हणून उमेदवारच बाजूला ठेवतात. ‘माझा बायोडेटा कुठल्या कंपनीत पाठवताय?’ हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि मूळ गुणपत्रके कोणाकडेही ठेवू नका. तपासून परत द्यायची असतात, झेरॉक्स पुरते.

‘परदेशात पाठवणारा मुंबईचा आहे, म्हणजे खात्रीचा’

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या संस्थांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. अशी संस्था उमेदवाराकडून सेवाशुल्क घेऊ शकते, पण जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावर जीएसटी. इथे पदवीधरांची एक अडचण आहे. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टला उत्प्रवासन तपासणी लागत नाही. ही सवलतच, पण तिच्यामुळे विमानात बसण्यापूर्वी तुमचा करार कोणी सरकारी माणूस पाहत नाही. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’चे काम सांगून म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

फुकटच्या वाटा कंटाळवाण्या असतात म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. राज्याचे महास्वयम पोर्टल, केंद्राची 2015 पासूनची नॅशनल करिअर सर्व्हिस, पदवीधर ॲप्रेंटिससाठीचे नॅट्स, सांगलीचे जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्र. इथे नाव नोंदवल्याने चमत्कार होत नाही, पण खिशातून रुपया जात नाही. पैसे आधीच गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम बँकेत गोठवण्याची शक्यता जास्त.

आता एक विनंती, आणि ती नोकरी शोधणाऱ्यांना नाही. आष्टा-बागणी-वाळवा भागातली जी मुले-मुली पुण्या-मुंबईत, बंगळुरूत दोन-चार वर्षे स्थिरावली आहेत, त्यांनी आपल्या कंपनीतल्या रिकाम्या जागा, कंपनीच्या नावासह, गावच्या ग्रुपवर टाकाव्यात. पुष्कळ कंपन्या ओळखीतून माणूस आणणाऱ्या कर्मचाऱ्याला रेफरल बोनस देतात. सल्लागाराला द्यावे लागणाऱ्या पैशांपेक्षा तो कंपनीला स्वस्त पडतो, आणि फ्रेशरचा बायोडेटा आतल्या माणसाच्या हातून गेला तर तो निदान उघडून तरी पाहिला जातो.