'सगळ्यांना माहीत होतं': सिगारेटचे खटले आणि साक्षीला आलेले इतिहासकार

सिगारेटमुळे कॅन्सर झाला असं कोर्टात मांडायचं असेल तर साक्षीला कोण लागेल? कॅन्सरचे डॉक्टर, साथरोगशास्त्राचा अभ्यासक, फार तर निकोटिनवर काम केलेला एखादा रसायनशास्त्रज्ञ. इतिहासाचा प्राध्यापक चटकन कुणाला सुचणार नाही. पण अमेरिकेत सिगारेट कंपन्यांवरच्या खटल्यांमध्ये इतिहासकार गेली कित्येक वर्षं तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहत आले आहेत, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

मी विज्ञान शाखेची, इतिहासाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. तरी पीएचडीची तयारी करणाऱ्या ज्युनियर्सना मी हे प्रकरण आवर्जून वाचायला सांगते. 'प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं' हे वाक्य आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरपुरतं पाठ करतो. इथे त्याच वाक्यावर लोकांची नुकसानभरपाई ठरली आहे.

आधी कायद्याची बाजू समजून घेऊ. आजारी माणूस किंवा त्याचं कुटुंब म्हणतं, कंपनीने धोका लपवला. कंपनी म्हणते, धोका सगळ्यांना ठाऊक होता, तरीही यांनी स्वतःच्या मर्जीने सिगारेट ओढली, मग जबाबदारी त्यांची. न्यू जर्सीच्या रोझ सिपोलोन यांचा खटला यासाठी बघण्यासारखा आहे. त्या १९४२ पासून सिगारेट ओढत होत्या. १९८३ साली त्यांनी दावा लावला आणि १९८४ साली त्या गेल्या. १९८८ साली ज्युरीने त्यांच्या पतीला ४ लाख डॉलर द्यायला सांगितले. सिगारेट कंपनीने भरपाई द्यावी असं एखाद्या ज्युरीने म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. पण त्याच ज्युरीने आजाराची ८० टक्के जबाबदारी रोझ यांच्यावर टाकली. पुढे अपिलात ती भरपाईही गेली.

हे ८० टक्के आले कुठून? 'त्यांना माहीत होतं' या गृहीतकातून. आता १९५० साली एका सामान्य बाईला सिगारेटबद्दल काय माहीत होतं, हे कोण सांगणार? ते मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. इथे इतिहासकाराची गरज पडते.

कंपन्यांच्या बाजूने आलेल्या इतिहासकारांची पद्धत साधारण ठरलेली असायची. ज्या गावात वादी वाढला तिथली जुनी वर्तमानपत्रं काढायची, लोकप्रिय मासिकं काढायची, शाळेची आरोग्याची पाठ्यपुस्तकं काढायची आणि त्यात सिगारेटच्या धोक्याबद्दल जे जे छापून आलंय ते गोळा करायचं. सामग्री भरपूर सापडते. अमेरिकन बोलीत सिगारेटला 'शवपेटीचा खिळा' म्हणायची पद्धत फार जुनी आहे. १९५० साली अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांचा, तर इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांचा अभ्यास आला. १९५२ च्या डिसेंबरात 'रीडर्स डायजेस्ट'ने सिगारेट आणि कॅन्सरवर लेख छापला. ११ जानेवारी १९६४ ला सर्जन जनरलचा अहवाल आला, १९६६ पासून पाकिटावर इशारा आला. एवढा गठ्ठा ज्युरीसमोर ठेवून साक्षीदार म्हणणार, पाहा, माहिती सगळीकडे होती.

आणि यातलं काहीही खोटं नाही. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. बनावट डेटा पकडणं त्या मानाने सोपं असतं. इथे प्रत्येक कात्रण खरं, तारीख खरी, संदर्भ बिनचूक. गडबड असलीच तर ती कुठली कात्रणं गोळा करायची हे ठरवण्यात आहे.

पहिली अडचण 'ऐकणं' आणि 'मानणं' यातल्या फरकाची. १९५४ साली गॅलपने लोकांना विचारलं होतं, सिगारेटमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो असं तुम्ही ऐकलंय किंवा वाचलंय का? सुमारे ९० टक्के लोक हो म्हणाले. पण सिगारेट हे कॅन्सरचं एक कारण आहे असं तुम्हाला वाटतं का, असं विचारल्यावर हो म्हणणारे निम्म्याहूनही कमी निघाले. एकच वर्ष, एकच संस्था, तोच विषय. पहिला आकडा घेतला तर 'सगळ्यांना माहीत होतं', दुसरा घेतला तर चित्र पालटतं. तुमच्या प्रश्नावलीत 'अवेअरनेस'चा कॉलम असेल तर तिथे नेमकं काय मोजताय, हे एकदा तपासून बघाच.

दुसरी अडचण म्हणजे त्याच वर्तमानपत्राची उरलेली पानं. कॅन्सरची बातमी एका कोपऱ्यात आणि सिगारेटची मोठी जाहिरात शेजारी, हा त्या काळचा सर्रास नमुना. वाचक दोन्ही वाचत होता. शिवाय ४ जानेवारी १९५४ ला कंपन्यांनी मिळून ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत एक निवेदन छापून आणलं. आमच्या मालाने आरोग्याला अपाय होतो असं आम्हाला वाटत नाही, आणि आम्ही संशोधनाला मदत करू, असा त्याचा सूर होता. आदल्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख भेटले होते आणि जनसंपर्काचं काम हिल अँड नोल्टन या संस्थेकडे दिलं गेलं होतं. फक्त 'धोक्याच्या बातम्या' शोधत बसलं तर हे सगळं गाळणीतून निसटतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: कंपन्यांचं स्वतःचं दफ्तर. १९९८ साली मिनेसोटाचा खटला आणि मग ४६ राज्यांबरोबरचा समझोता, यामुळे कंपन्यांचे लाखो अंतर्गत कागद खुले झाले. संशय हाच आपला माल आहे, असं सरळ लिहिणारं १९६९ चं ब्राऊन अँड विल्यमसनचं टिपण जगाला माहीत झालं ते अशाच अंतर्गत कागदांमधून. लुईस किरियाकूडिस या इतिहासकाराने कंपन्यांच्या बाजूच्या साक्षी तपासून २००६ साली एक लेख लिहिला. या साक्षीदारांनी वर्तमानपत्रं तर चाळली, पण खुद्द कंपन्यांचे कागद जवळजवळ वापरलेच नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. विचार करा, एखाद्या संस्थेच्या वागण्यावर थिसिस लिहायचा आणि त्या संस्थेचं अभिलेखागार उघडायचंच नाही! आपल्या व्हायवात बाहेरचे परीक्षक एवढ्यावरच थांबतील.

स्टॅनफर्डचे रॉबर्ट प्रॉक्टर कंपन्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्या सुरुवातीच्या इतिहासकारांपैकी एक. कंपन्यांच्या बचावात दोन गोष्टी एकत्र नांदतात हे त्यांनी नेमकं दाखवलं. एकीकडे 'सामान्य माणसाला सगळं ठाऊक होतं' आणि दुसरीकडे 'शास्त्रज्ञांकडेसुद्धा पक्का पुरावा नव्हता'. पहिल्या विधानाने ग्राहक दोषी ठरतो, दुसऱ्याने कंपनी सुटते. दोन्ही एकाच खटल्यात कशी चालतात, तर दोन वेगळे साक्षीदार दोन वेगळ्या दिवशी येतात म्हणून. पेपर वाचताना आपल्याकडेही हे होतं बरं का. इंट्रोडक्शनमधलं गृहीतक आणि डिस्कशनमधलं गृहीतक एकमेकांशेजारी ठेवून बघायची सवय फार कमी जणांना असते.

हार्वर्डचे ॲलन ब्रँट यांनी बरीच वर्षं साक्ष द्यायचं टाळलं होतं. शेवटी अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९९ साली कंपन्यांवर लावलेल्या खटल्यात ते सरकारच्या बाजूने उभे राहिले. न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी ऑगस्ट २००६ मध्ये १६०० हून जास्त पानांचं निकालपत्र दिलं आणि कंपन्यांनी अनेक दशकं लोकांची फसवणूक केली असा निष्कर्ष काढला. निकालपत्रातला मोठा भाग म्हणजे तारीखवार इतिहासच आहे.

मग वादीच्या बाजूचे इतिहासकार धुतल्या तांदळासारखे का? फी तेही घेतात. डेव्हिड रॉथमन यांनी २००३ च्या एका लेखात याच पेचावर बोट ठेवलं होतं: इतिहासकाराचं काम गुंतागुंत दाखवायचं, आणि उलटतपासणीत वकील विचारतो, 'हो की नाही तेवढं सांगा.' आक्षेप मला पटतो, पण त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या ठरतात असं मला वाटत नाही. पैसे कुणी दिले यापेक्षा प्रश्न कुणी आखून दिला हे मी आधी बघेन. वकिलाने 'एवढ्याच कागदांत शोधा' म्हटलं आणि संशोधकाने ते मान्य केलं, तिथे खरी सही होते.

यात विद्यार्थीही सापडले. २००६ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक प्रचंड सामुदायिक दावा मोडला आणि त्याचे हजारो स्वतंत्र खटले झाले. प्रत्येक खटल्यात नवा माणूस आणि त्याच्या भवतालाचा नवा शोध. तिथल्या एका विद्यापीठात इतिहासाच्या संशोधक विद्यार्थ्यांना कंपन्यांच्या बाजूच्या साक्षीदारासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळायचं काम मिळालं होतं, आणि ते बाहेर आल्यावर बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांना दोष देणं मला जड जातं. फेलोशिप वेळेवर न येणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण आपण काढलेली कात्रणं कुठे जाणार आहेत आणि कुठली कात्रणं काढू नका असं सांगितलंय, एवढं विचारायला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या बाजूलाही त्रास होताच. प्रॉक्टर यांच्या पुस्तकाचं अजून न छापलेलं हस्तलिखित कंपन्यांच्या वकिलांनी कोर्टामार्फत मागवलं होतं. ते पुस्तक नंतर 'गोल्डन होलोकॉस्ट' नावाने आलं.

कुणाला हे स्वतः बघायचं असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने हे सगळे कागद ऑनलाइन, फुकट ठेवले आहेत. कंपन्यांच्या टिपणांबरोबर तिथे साक्षीदारांच्या जबान्याही आहेत. एखाद्या इतिहासकाराची उलटतपासणी काढा आणि वकील 'तुम्ही काय वाचलं?' वरून 'तुम्ही काय वाचलं नाही?' वर कधी येतो ते बघा. लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसण्याआधी वाचलंत तर जास्त बरं.